डोळ्यांदेखत

रोज सकाळी सव्वासात वाजता आमच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर माझी परीक्षा असते. परीक्षक म्हणजे साठीच्या घरातल्या एक बाई. त्यांच्या एका हातात पाण्याचं फुलपात्र असतं आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर एक इवलीशी पांढरी गोळी. मी गोळी जिभेवर ठेवतो, पाणी पितो आणि निघायला वळतो, तोच मागून हुकूम येतो, "आ करा, मास्तर." तीन कादंबऱ्यांचा लेखक आणि वीस वर्षं मुलांच्या वह्यांवर लाल खुणा करणारा शिक्षक मुकाट्याने आ करतो. गोळी गालात दडवलेली नाही अशी खात्री पटली, की मगच परातीत पाणी पडतं आणि कणीक भिजू लागते. गोळी नाही तर पोळी नाही, असा सरळ व्यवहार आहे.

या बाई आमच्याकडे पोळ्या करतात. त्यांचं नाव मी सांगणार नाही. सदाशिव पेठेत अशा बाईंना सगळेच मावशी म्हणतात. आपणही तेच म्हणू. मावशींना हा अधिकार कुणी दिला, असा प्रश्न आमच्याकडे येणाऱ्या नव्या पाहुण्यांना पडतो. माझे एक मेहुणे तर एकदा हा देखावा पाहून म्हणाले, "तुम्ही या घरात कुणाला भिता, ते आज कळलं!" खरं सांगायचं म्हणजे तो अधिकार मावशींचा मीच होऊ दिला आहे, आणि त्याच्यामागे एक जुनं देणं आहे. दिवाळीच्या फराळाशेजारी औषधाची गोष्ट मांडू नये, हे मला कळतं. पण या गोष्टीत चकल्या आहेत, अनारसे आहेत, कोकणातली सुट्टीही आहे. तेव्हा वाचकांनी तेवढ्यावर गोड मानून घ्यावं.

गोष्ट २०१३ च्या पावसाळ्यातली. मावशींना खोकला लागला होता. पुण्याच्या पावसाळ्यात खोकला कुणाला नसतो? आल्याचा रस झाला, ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. विनाऔषधाने खोकला जाईल, अशी आम्हा सर्वांनाच आशा होती. पण खोकला गेला नाही. मावशींचं वजन मात्र गेलं. शेवटी सौ.च्या आग्रहाने त्या महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून आल्या. त्या दिवशी त्या घरात आल्याच नाहीत. वाड्याच्या चौकात, नळाजवळ उभ्या राहिल्या. पदर तोंडावर धरलेला. म्हणाल्या, "मास्तर, आज आत येत नाही. क्षय निघालाय."

मग थोडं थांबून त्यांनी खालच्या मानेने पुढचं सांगितलं. सहा महिने औषध घ्यायचं आहे. औषध फुकट आहे. पण ते कुणाच्या तरी डोळ्यांदेखत घ्यावं लागतं. त्या वेळच्या नियमाप्रमाणे घरचं माणूस त्याला चालत नव्हतं. शिक्षक, दुकानदार, शेजारी, असं रोग्याला विश्वासाचं वाटेल असं बाहेरचं माणूस लागायचं. आणि घरी तर सांगायचंच नव्हतं, कारण सुनेच्या माहेरी कळलं असतं. दुसऱ्या दोन घरी कळलं असतं तर काम गेलं असतं. "मी तुमचं नाव दिलंय," मावशी म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न पाहता दांडेकर पुलाच्या दिशेने चालू लागल्या.

घरात अर्थातच चर्चा झाली. आमची लेक तेव्हा सात वर्षांची होती. सौ.ला भीती वाटली आणि ती भीती खोटी नव्हती. मी तावातावाने माणुसकीवर बोललो. माणुसकीवर बोलायला मला नेहमीच आवडतं, कारण त्याला पैसे पडत नाहीत. पण प्रश्न सुटला तो माझ्या भाषणाने नव्हे. दवाखान्यातल्या आरोग्यसेविका घरी आल्या आणि त्यांनी चार वाक्यांत सांगितलं : हा रोग खोकल्याबरोबर हवेतून पसरतो, पोळीतून किंवा भांड्यांतून नाही, औषध नेमाने सुरू झालं की काही आठवड्यांत त्याचा पसरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो, लेकीची तपासणी करून घेऊ, खिडक्या उघड्या ठेवा. सौ.ने लगेच हिशेब मांडला. मावशींना एक महिना भरपगारी सुट्टी, आणि तेवढे दिवस पोळ्या मी लाटायच्या. चित्रकलेच्या मास्तराला वर्तुळ काढता येतं, पण लाटता येत नाही, हे त्या महिन्यात सिद्ध झालं. माझ्या एकेका पोळीवरून लेक भूगोलातले देश ओळखायची.

औषधाचा डबा आला तो लाल रंगाचा. त्या काळची ही एक मोठी सुरेख पद्धत होती. रोग्याच्या नावाचा एक डबा बाजूला निघायचा आणि त्यात त्याचं पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतचं सगळं औषध असायचं. औषध संपलं, उद्या या, ही भानगडच नाही. पहिले दोन महिने आठवड्यातून तीनदा, असे चोवीस डोस. पुढे अठरा आठवडे, त्यांचे चोपन्न. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सुरुवातीच्या डोसात एका वेळी सात गोळ्या! माझ्यासमोर बसून मावशी त्या एकेक करून गिळायच्या आणि मी कार्डावर खूण करायचो. त्यांतल्या लाल कॅप्सूलने लघवी केशरी होते, हे मावशींना कळलं तेव्हा त्या घाबरून पळत आल्या होत्या. मी दवाखान्यात विचारून आलो आणि मोठ्या ऐटीत त्यांना सांगितलं, "ती औषधाची सही आहे."

तो डबा आमच्या कपाटात, माझ्या हस्तलिखितांशेजारी असायचा. त्याच्याकडे पाहताना मला नेहमी आनंदीबाई जोशींची आठवण यायची. १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, वयाची बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत, याच पुण्यात क्षयाने गेल्या. रोगाचा जंतू तोपर्यंत सापडला होता. रॉबर्ट कॉखने तो २४ मार्च १८८२ ला जाहीर केला होता. पण त्याला मारणारं औषध जगात कुणाजवळच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसीन हाती आलं ते १९४३ साली. मधल्या काळात ज्यांना परवडे ते पाचगणी-मिरजेच्या आरोग्यधामांत हवा खात आणि दिवस मोजत. ज्या औषधासाठी त्या काळी एखाद्या बापाने घर विकलं असतं, ते लाल डब्यात भरून माझ्या कपाटात फुकट येऊन पडलं होतं. आता प्रश्न औषधाचा उरलेलाच नव्हता. प्रश्न फक्त गिळण्याचा होता, आणि तो तर अगदीच सोपा, असं मला वाटत होतं.

दोन महिन्यांत मावशी पार बदलल्या. खोकला थांबला. भूक लागू लागली. गणपतीत त्यांनी आमच्याकडे उकडीचे मोदक केले, आणि थुंकीच्या तपासणीतही जंतू दिसले नाहीत. मी इतका खूश झालो की जणू माझीच कादंबरी छापून आली. यापुढे आठवड्याचा पहिला डोस माझ्यासमोर आणि बाकीचे दोन घरी, असा नियम होता. रिकामी पाकिटं आणून दाखवायची. पण घरी तर गोळ्या न्यायच्याच नव्हत्या. म्हणून मावशी त्या आमच्याच स्वयंपाकघरात ठेवत आणि काम करता करता घेत. डोसही आता तीनच गोळ्यांचा होता. दोन पांढऱ्या, एक लाल.

पुढे आली दिवाळी. दिवाळी जवळ आली की पुण्यात दोन माणसांना श्वास घ्यायला फुरसत नसते : एक फराळ करणाऱ्या बायका आणि दुसरे दिवाळी अंकांत लिहिणारे लेखक. मावशींना चकल्यांच्या आणि अनारशांच्या मागण्या आल्या होत्या. मला एका संपादकांची तिसरी तार, म्हणजे आजच्या भाषेत तिसरा फोन, आला होता. त्या सोमवारी मी कथेच्या शेवटाशी झटापट करत होतो. मावशी दारातून म्हणाल्या, "घेतली हो मास्तर." मी मान वर न करता कार्डावर खूण केली. त्या आठवड्याची रिकामी पाकिटं आली. पुढे आम्ही सगळी सुट्टीला कोकणात, सौ.च्या माहेरी निघालो. निघताना मी दोन आठवड्यांच्या गोळ्या मावशींच्या हाती दिल्या, वाड्याची किल्ली दिली, आणि त्यांच्यावर विश्वास टाकल्याबद्दल स्वतःचं मनातल्या मनात कौतुक करून घेतलं.

परत आलो तेव्हा ओट्यावर दोन आठवड्यांची रिकामी पाकिटं नीट रचून ठेवलेली होती. मी कार्डावर सहाही खुणा करून टाकल्या. दुसऱ्या दिवशी सौ. वेलदोड्यांची डबी शोधत होती. फडताळात मागच्या बाजूला, सहाणेच्या आड, तिला एक स्टीलची डबी सापडली. तिने ती उघडली आणि काही न बोलता माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी गोळ्या मोजल्या. अठरा पांढऱ्या, नऊ लाल. तीन आठवड्यांचे नऊ डोस, एकही न चुकता, डबीत जमा झाले होते.

मी संतापलो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे. मावशी आल्या तेव्हा मी त्यांच्याशी वर्गात बोलतो तसं बोललो. सरकार किती खर्च करतं, अर्धवट औषधाने रोग कसा चवताळतो, तुम्हाला काही वाटतं का, असं सगळं. मावशी हातातली परात घेऊन उभ्या होत्या. माझं संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून पाकिटं रिकामी करत होते. रोज खूण करताना तुमचं तोंड कसं खुलायचं!"

"मग गोळ्या फेकून तरी द्यायच्या!"

"औषध फेकू नये, मास्तर. अन्नासारखंच असतं ते."

त्या वाक्याने मी खाली बसलो. वर्गात एक मुलगा मला नेहमी सुबक चित्रं आणून द्यायचा. पुढे कळलं की ती त्याची बहीण काढायची. त्याला चित्रकला नको होती असं नाही. त्याला मास्तरांचा राग नको होता. मावशींचं तेच झालं होतं. मी त्यांना औषध घ्यायला नव्हे, कार्ड भरायला शिकवलं होतं. आणि कार्ड तर मीही त्यांच्याइतक्याच खोट्या खुणांनी भरलं होतं. त्यांनी गोळ्या लपवल्या. मी पाहिल्यावाचून पाहिल्याची खूण केली. दोघांत लबाड कोण, याचा निवाडा मी अजून करू शकलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो आणि डबी, कार्ड, सगळं आरोग्यसेविकेपुढे ठेवलं. मी बोलणी खायच्या तयारीनेच गेलो होतो. ती बाई रागावली नाही. तिने मावशींना बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "गोळी घेतली की काय होतं तुम्हाला?"

चार महिन्यांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. घेतली का, एवढंच विचारत होतो. मावशी घडाघडा बोलू लागल्या. रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या की मळमळायचं. एरवी ते निभायचं. पण फराळाच्या दिवसांत पहाटे चार वाजल्यापासून उकळत्या तेलापुढे बसायचं, आणि तेलाच्या वासाने पोटात नुसतं ढवळायचं. एका घाईच्या दिवशी गोळी टाळली, तर बरं वाटलं. दुसरीही टाळली. खोकला तर नव्हताच. वजनही वाढलं होतं. मग कशाला? आणि मनात आणखी एक गोष्ट होती : गोळी घेतली की आपण रोगी आहोत याची आठवण होते, न घेतली की वाटतं, आपण पहिल्यासारख्या झालो.

आरोग्यसेविकेने त्यांना समजावलं, आणि शेजारी बसून मीही शिकलो. क्षयाचे जंतू सगळे एका चालीचे नसतात. भराभर वाढणारे पहिल्या काही आठवड्यांत मरतात. म्हणून खोकला थांबतो, ताप जातो. पण काही जंतू राखेखालच्या निखाऱ्यासारखे मंद पडून राहतात. त्यांच्यासाठीच पुढचे महिने असतात. औषध मधेच थांबलं किंवा घ्यायचं-सोडायचं असं चाललं, तर त्यांतले औषधाला न जुमानणारे थोडे जंतू तगतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. मग तीच गोळी पुन्हा घेतली तरी लागू पडत नाही. म्हणजे बरं वाटणं हे एक स्टेशन आहे आणि बरं होणं हे पुष्कळ पुढचं. आपल्यापैकी बहुतेक जण आधीच्या स्टेशनवरच सामान उतरवतात. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण ज्याने केली त्याला हे ठाऊक असलं पाहिजे; फक्त गरज सरली हे ठरवायचं कुणी, ते त्याने सांगितलं नाही.

थुंकी पुन्हा तपासली. सुदैवाने जंतू दिसले नाहीत. बुडालेले डोस भरून काढायचे ठरले. वेळ बदलली : पहिल्या घरचं काम उरकल्यावर, पोटात पोळी-भाजी गेल्यावर, आमच्या ओट्यापाशी, सौ. किंवा मी समोर असताना. नियमात पहिलाच डोस समोर घ्यायचा असला तरी आम्ही तिन्ही पाहू लागलो. आणि पाहू लागलो म्हणजे मी वर्तमानपत्र खाली ठेवून समोर बसू लागलो. त्या पाच मिनिटांत मावशींनी मला काय काय सांगितलं! नातवाचे दात, सुनेचा स्वभाव, वारीत हरवलेली चप्पल. पुढे एके दिवशी त्यांनी आपण होऊन सुनेला रोगाबद्दल सांगून टाकलं. सून म्हणाली, "मला केव्हाच कळलं होतं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." संक्रांतीला संपायचा डबा फेब्रुवारीत संपला. शेवटच्या तपासणीतही जंतू नव्हते. रिकामा लाल डबा मावशी घरी घेऊन गेल्या. त्यात त्या अजून सुईदोरा ठेवतात.

पुढे मी या विषयावर बरंच वाचलं. मॅट्रिकपुढे कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसाला वाचनाची हौस जरा जास्तच असते. १९५६ साली मद्रासला एक मोठा प्रयोग सुरू झाला होता. काही क्षयरोग्यांना आरोग्यधामात खाट, विश्रांती आणि चांगलंचुंगलं अन्न दिलं. काहींना तेच औषध देऊन त्यांच्या दाटीवाटीच्या गरीब घरांतच ठेवलं. वर्षाअखेर दोघांचे निकाल जवळजवळ सारखे निघाले. १९५९ साली ते प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या आरोग्यधामांचं महत्त्व ओसरू लागलं. मला मौज वाटली ती निराळ्या गोष्टीची. घरच्या रोग्यांकडे हे लोक न सांगता जायचे, गोळ्या मोजायचे, लघवी तपासायचे. औषध घरी नेलं म्हणजे ते पोटात गेलं असं नव्हे, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. पुढे याच अनुभवातून समोर बसून औषध देण्याची कल्पना वाढली. आपल्याकडे १९९७ पासून ती राष्ट्रीय कार्यक्रमात आली आणि २००६ पर्यंत देशभर पोचली.

आणि हे केवळ गरिबांचं किंवा अडाण्यांचं दुखणं आहे असंही कुणी समजू नये. २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका अहवालात सांगितलं, की श्रीमंत देशांतसुद्धा लांब मुदतीच्या आजारांत सांगितल्याप्रमाणे औषध घेणारे सरासरी निम्मेच असतात. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि रोगी. आपण दोन पायांवर फार खर्च केला. उरलेले दोन घरात असतात.

लाल डबे आता गेले. २०१७ पासून क्षयाचं औषध रोज घ्यायचं झालं, गोळ्यांची संख्या कमी झाली. घरचं माणूसही आता देखरेख करू शकतं. २०१८ पासून रोग्याला पोषणासाठी महिना ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. आठवण करून द्यायला फोन आहेत. हे सगळं चांगलंच आहे. मात्र फोन 'घेतली का' एवढंच विचारतो, आणि मीही चार महिने तेवढंच विचारत होतो.

आता माझ्या गोळीचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं. दोन महिन्यांत दाब उतरला, आणि ज्याने बरं वाटणं आणि बरं होणं यांतला फरक डोळ्यांनी पाहिला होता, त्या शहाण्याने गोळी बंद केली! दाब उतरला तो गोळीमुळे, हे कळत असूनसुद्धा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पुढे एके सकाळी घेरी येऊन मी ओट्याशी टेकलो. दाब मोजला तेव्हा डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. घरी आल्यावर सौ. बोलली नाही, तिचं न बोलणं हेच फार असतं. मावशींनी मात्र कणकेचे हात धुतले, माझ्यासमोर पाट घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "गोळी घेतली की काय होतं तुम्हाला, मास्तर?"

मी खरं तेच सांगितलं. "काही होत नाही. म्हातारा झाल्यासारखं वाटतं."

मावशी हसल्या नाहीत. "वाटू दे," म्हणाल्या. "मी बसते ना समोर."

तेव्हापासून सव्वासातची परीक्षा सुरू आहे. गेल्या भाऊबीजेला मावशी भावाकडे सासवडला गेल्या होत्या. मी मनात म्हटलं, आज सुट्टी. सव्वासातला फोन वाजला. "मास्तर, गोळी?" घेतो म्हटलं. "आत्ता घ्या. घोट ऐकू आला पाहिजे." मी गोळी तोंडात टाकली आणि फोन ओठांशी धरून मोठ्याने पाणी प्यायलो. लेक आता कॉलेजात आहे. ती पोट धरून हसत होती. पलीकडून भाऊबीजेच्या गडबडीतून आवाज आला, "आता आ करा."

फोनवर आ करून काही दिसत नाही, हे मावशींनाही माहीत होतं आणि मलाही.

मी आ केला.